वास्तू गेली, नाव उरले

दिल्लीस नव्याने बदलून आलेल्या स्नेह्यांना जुने शहर दाखविण्याचा योग आम्हास वारंवार येतो. त्यासाठी आमची रीत ठरलेली आहे. लाल किल्ल्यासमोर सायकल-रिक्षा करावी, "घंटाघर" एवढेच सांगावे आणि स्वस्थ बसावे. रिक्षावाला एकही प्रश्न विचारीत नाही. चांदणी चौकातून फतेहपुरी मशिदीच्या रोखाने जाताना जुन्या टाऊन हॉलसमोर तो थांबतो आणि पैशांसाठी हात पुढे करतो. पाहुणा खाली उतरून मान वर करून चहूकडे पाहतो आणि अखेर विचारतो, "पण मनोरा कोठे आहे?"

मनोरा नाही. १९५१ साली त्याचा काही भाग कोसळला, खाली सापडून काही माणसे दगावली आणि पुढे उरलेला मनोराही पाडून टाकण्यात आला. ज्याने आम्हास तेथे आणून सोडले त्या रिक्षावाल्याचा जन्म त्यानंतर कित्येक वर्षांनी, बहुधा दूरच्या एखाद्या खेड्यात झालेला असतो. घंटाघराचे चित्रही त्याने पाहिलेले नसते. तरी घंटाघर कोणत्या जागी आहे याविषयी त्याच्या मनात तिळमात्र संदेह नसतो.

जुन्या दिल्लीत अशी नावे पदोपदी आढळतात. मसाल्यांच्या घाऊक बाजाराला खारी बावली म्हणतात; ज्या खाऱ्या पाण्याच्या बारवेवरून हे नाव पडले ती बारव आज कोणी दाखवू शकत नाही. मोरी दरवाजा नाही, शहराच्या तटाचा लाहोरी दरवाजाही नाही. पण पत्ता सांगताना दोघांचीही नावे निघतात. भाजीचा मोठा बाजार १९७७ साली आझादपूरला गेला, तरी जुन्या जागेचे आणि तेथील रेल्वे स्टेशनचे नाव सब्जी मंडीच राहिले. सरकारी दप्तरातून वास्तू वजा होते, नकाशातून पुसली जाते. परंतु लोकांच्या बोलण्यातून तिला काढून टाकण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला नाही.

घंटाघराच्या त्या जागेचाच इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे दुसरे अंग दिसू लागते. १६५० च्या सुमारास शहाजहानची कन्या जहाँआरा हिने तेथे चौक वसविला. मध्यभागी अष्टकोनी हौद, एका बाजूस प्रशस्त सराई आणि मागे बाग अशी त्याची रचना होती. हौदातील पाण्यात चांदणे पडे म्हणून चांदणी चौक, असे परंपरा सांगते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी सराई पाडली, त्या जागी टाऊन हॉल उभारला आणि १८७० च्या सुमारास चौकाच्या मध्यावर घड्याळाचा मनोरा चढविला. त्या काळच्या वृद्धांनी या मनोऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले असेल? त्यांच्या लेखी तो हरलेल्या शहराच्या छातीवर रोवलेला विजेत्यांचा खांब असला पाहिजे. परंतु पुढच्या दोन पिढ्यांनी त्याच्यावर घड्याळे लावली, त्याच्या सावलीत सौदे केले. ३० मार्च १९१९ रोजी रौलट कायद्याच्या निषेधासाठी निघालेल्या जमावाच्या अग्रभागी राहून स्वामी श्रद्धानंदांनी गुरखा शिपायांच्या संगिनींपुढे आपली छाती उघडी केली ती याच परिसरात. परक्यांचा मनोरा अशा रीतीने शहराचा झाला. आणि तो पडला तेव्हा लोक हळहळले, ते आपले काही गेले म्हणून.

दरिब्यात अत्तराच्या दुकानी बसणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. घंटाघराचा विषय निघाला की त्यांची कळी खुलते. मनोऱ्याखालून ट्राम कशी वळे, शाळेला उशीर झाला की मनोऱ्याकडे न पाहता कसे पळावे लागे, हे सारे ते आजच घडल्यासारखे सांगतात. एकदा त्यांनी आम्हास सांगितले, "बाबूसाहेब, ज्या वर्षी मुल्काची फाळणी झाली त्याच वर्षी घंटाघर पडले." आम्ही १९५१ हे साल सांगताच ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "आपण कागद पाहिलेला आहे, तेव्हा आपलेच बरोबर असेल. पण आमच्या घरी ते फाळणीच्या वर्षीच पडले."

या उत्तराचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. प्रथमदर्शनी ते स्मरणशक्तीचा दोष वाटते. परंतु १९४१ साली दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती, ती १९५१ च्या शिरगणतीत १७ लाखांच्या वर गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वाक्यातील अर्थ उलगडतो. त्या दहा वर्षांत या गल्ल्यांतून असंख्य कुटुंबे पाकिस्तानात गेली आणि पंजाबातून आलेली कुटुंबे त्यांच्या घरांत राहू लागली. ज्या मुलाने आपले सवंगडी जाताना पाहिले, त्याच्या लेखी मनोरा हा त्या मोठ्या पडझडीतला शेवटचा दगड होता. साल चुकले, तरी घटनेचे वजन चुकले नाही. कागद आणि आठवण यांतून एकाचीच निवड करणारा इतिहासकार अर्धे सत्यच हाती घेतो. कागदावरून साल दुरुस्त करावे. ते साल त्या माणसाने कोठे आणि का नेऊन जोडले, हे मात्र त्याच्याच तोंडून ऐकावे.

मोडतोडीचे सारे पाप इंग्रजांच्या माथी मारून आम्हा मराठी माणसांना मोकळे होता येणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. इंग्रजांनी केलेला विध्वंस भयंकर होता यात शंका नाही. तोफांना मोकळे मैदान हवे म्हणून त्यांनी किल्ल्याभोवतालची वस्ती जमीनदोस्त केली. किल्ल्यातील बहुतेक महाल पाडून तेथे बराकी बांधल्या. शहाजहानच्या बेगमेने उभारलेली अकबराबादी मशीद नाहीशी केली. खास बाजार, उर्दू बाजार, खानम का बाजार अशा नामशेष झालेल्या बाजारांचा शोक मिर्झा गालिबने आपल्या पत्रांतून केलेला आहे. परंतु त्याच्याही आधी जवळजवळ शंभर वर्षे, १७६० च्या पावसाळ्यात, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या पगाराची तोंडमिळवणी करण्यासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडण्यात आली. भाऊंची ओढगस्त खरी होती. पानिपत पुढे उभे होते. आपल्या शाळांतून पानिपताची हळहळ शिकविली जाते, छताचा उल्लेख क्वचितच होतो. दिल्लीचा जुना माणूस मात्र दिवाण-ए-खास दाखविताना वर बोट करून तो प्रसंग सांगतो, आणि आपण मराठे आहोत हे कळल्यावर जरा संकोचून आवाज खाली आणतो. तो संकोच आपला आहे. त्याने तो आपल्यासाठी का वाहावा?

याच शहरात एका नोकरदार माणसाने फार मोठे काम करून ठेवले आहे. सय्यद अहमदखान, ज्यांस पुढे जग सर सय्यद म्हणून ओळखू लागले, ते १८४६ साली कंपनी सरकारचे मुन्सफ म्हणून फतेहपूर सिक्रीहून दिल्लीस बदलून आले. दिल्ली त्यांची जन्मभूमीच होती. कचेरीचे काम सांभाळून सुट्टीच्या दिवशी ते पडक्या इमारती धुंडाळीत. कुतुबमिनारावरील उंच जागेचे लेख उतरून घेण्यासाठी ते पाळण्यात बसून स्वतःस वर ओढवून घेत आणि खाली उभे असलेले त्यांचे विद्वान मित्र सहबाई भीतीने पांढरे पडत. या परिश्रमातून १८४७ साली 'आसार-उस-सनादीद' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत इमारतींबरोबर शहरातील नामांकित माणसांचेही वर्णन होते. दहाच वर्षांनी उठाव झाला, आणि त्यात वर्णिलेल्या कित्येक वास्तू व माणसेही नाहीशी झाली. त्या मुन्सफाने आपल्या सुट्ट्या झोपेत घालविल्या असत्या तर त्या दिल्लीचे आज आपल्याला कितीसे कळले असते? पुढे नवी राजधानी उभारताना पुरातत्त्व खात्याचे मौलवी जफर हसन यांनी दिल्ली प्रांतातील जुन्या वास्तूंची यादी चार खंडांत तयार केली. तीही १९१६ ते १९२२ या काळात, सरकारी नोकरीतच.

नवी दिल्ली ही आपली, म्हणजे नोकरदारांची दिल्ली. तिला भूतकाळ नाही असा आपला समज असतो. वस्तुतः रायसीना, मालचा, माधोगंज, जयसिंगपुरा ही गावे व वस्त्या उठवून ती बसविलेली आहे. आणि तिच्यातूनही वास्तू नाहीशा होऊ लागून आता बराच काळ लोटला. कनॉट प्लेसच्या मध्यभागी, आज जेथे पालिका बाजार आहे तेथे, पूर्वी इंडियन कॉफी हाउस होते. कारकून, लेखक, वार्ताहर आणि पुढारी एका कपावर तासन् तास तेथे बसत. १९७६ साली, आणीबाणीत, ते पाडले गेले. प्रगती मैदानातील 'हॉल ऑफ नेशन्स' हा वास्तुकार राज रेवल आणि अभियंते महेंद्र राज यांनी १९७२ साली काँक्रीटमध्ये साकारलेला विशाल मंडप एप्रिल २०१७ मधील एका रात्रीत पाडण्यात आला. सकाळी मैदानावर केवळ ढिगारा राहिला होता.

याहून जवळची गोष्ट आपल्या क्वार्टरांची. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. १२,९७० घरांच्या जागी २५,६६७ घरे, असा तो आराखडा होता. घरांची टंचाई खरी होती, भिंतींना ओल होती, हे त्या घरांत राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. झाडे तोडण्याचा प्रश्न २०१८ साली उच्च न्यायालयात गेला आणि काही काळ तोड थांबली, हेही वाचकांस स्मरत असेल. नौरोजी नगरात आता व्यापारी संकुलाचे उंच मनोरे उभे आहेत. ज्या अंगणात कोणाच्या मुलीने तुळस लावली, ज्या कडुनिंबाखाली उन्हाळ्याच्या रात्री खाटा टाकून शेजारी एकमेकांच्या बदल्यांची चर्चा करीत, ती जागा आता दाखवू म्हटले तरी सापडत नाही. घर सोडताना आपण किल्ल्या परत केल्या, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला, आणि सामान ट्रकमध्ये चढविले. त्या अंगणाची नोंद मात्र कोठेच झाली नाही.

या ठिकाणी मनाला टोचणारी गोष्ट अशी की, पाडण्याचा प्रत्येक प्रस्ताव ज्या फाइलीतून जातो ती फाइल आपल्यासारख्यांच्याच टेबलावरून पुढे सरकते. टिपणीत क्षेत्रफळ असते, बांधकामाचे वर्ष असते, दुरुस्तीचा आणि नव्या बांधकामाचा खर्च असतो. तेथे कोण बसत असे, कोण भेटत असे, शहर त्या जागेला काय म्हणत असे, यासाठी त्या नमुन्यात रकाना नाही. जुने ते सारे राखावे असे आमचे म्हणणे नाही; शहराला वाढावे लागते, आणि घंटाघर स्वतःच एका सराईच्या शेजेवर उभे होते. आमचे म्हणणे एवढेच की, जी वास्तू जावयाची ती नोंद झाल्यावाचून जाऊ नये.

आपण परस्थ, तीन-चार वर्षांचे पाहुणे, आपल्याला हा उद्योग कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दिल्लीतील आजचे जुने रहिवासी तरी कोण? त्यांच्यापैकी पुष्कळांचे वडील १९४७ साली एक ट्रंक घेऊन येथे उतरले. १९०८ साली सुरू झालेली आणि १९६३ साली बंद पडलेली ट्राम ज्यांनी शेवटच्या काळात पाहिली, ते आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. जुना रहिवासी होण्यास जन्म तेथेच व्हावा लागत नाही. पाहणे आणि ध्यानात ठेवणे एवढे पुरते. कलकत्त्यास असलेल्या आमच्या वाचकांनी १९६० साली पाडलेल्या विद्यापीठाच्या सेनेट हाउसविषयी तेथील वयस्कर प्राध्यापकांना विचारावे. मद्रासेस असलेल्यांनी १९८५ साली आगीत गेलेल्या मूर मार्केटविषयी जुन्या पुस्तकविक्रेत्यांशी बोलावे. एक वही करावी. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरावेत आणि कागदपत्रांवरून साल पडताळून समासात लिहावे. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एवढे काम सहज होते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दरिब्यात गेलो तेव्हा ते वृद्ध गृहस्थ गादीवर नव्हते. प्रकृती बरी नाही, घरीच असतात, असे त्यांच्या नातवाने सांगितले. आम्ही घंटाघराचा विषय काढला. नातू हसून म्हणाला, "दादाजी काहीबाही सांगत असतात. आम्ही कधी लिहून घेतले नाही." आम्ही त्याला आमची वही दाखविली. त्याने ती उभ्या उभ्याच वाचावयास घेतली. मग गिऱ्हाईक आले तरी त्याने ती खाली ठेवली नाही, आणि आम्ही निघताना विचारले, "ही दोन दिवस घरी नेऊ का? त्यांना वाचून दाखवतो. काही राहिले असेल तर ते सांगतील."

वही अजून त्यांच्याकडेच आहे. आम्ही ती परत मागितलेली नाही.