नुरा कुस्तीचा आरोप

कुस्त्यांच्या फडात एखादी जोड आधी ठरवून लढतेय असा नुसता संशय आला, तरी कडेला बसलेला म्हातारा पैलवान ‘नुरा हाय’ म्हणून तोंड फिरवतो. ‘नुरा कुस्ती’ या दोन शब्दांत मराठीने जेवढा तिरस्कार भरलाय, तेवढा ‘खोटं’ या शब्दातही नाही. हाँगकाँगच्या मारधाडपटांवर हाच शिक्का बसलेला आहे. शाळेच्या मैदानावर कराटेचा वर्ग घेणारे सर, रात्र जागून एमएमएच्या लढती पाहणारा पुतण्या आणि एरवी कशावरच एकमत न होणारे चित्रपट-समीक्षक, या तिघांचं इथे मात्र जमतं. त्यांच्या मते सिनेमातलं कुंग-फू म्हणजे नाच. खरी विद्या मठात आणि गुरूच्या अंगणात शतकानुशतकं शुद्ध राहिली होती, कॅमेऱ्याने तिचा तमाशा केला. (‘तमाशा’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांचा हिशोब पुढे होईलच.)

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. 1993 साली अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली. वजनी गट नव्हते आणि निरनिराळ्या शैलींचे लोक एकाच पिंजऱ्यात सोडले होते. एका रात्रीत तिघांना हरवून जिंकला तो ब्राझीलचा सडपातळ रॉयस ग्रेसी, तेही बहुतेक जमिनीवर लोळण घेत, गळा आवळून. पडद्यावरच्या उड्या आणि गिरक्या तिथे कुणाच्या कामी आल्या नाहीत. 2017 मध्ये चेंगडूला शू शियाओतोंग या एमएमए लढवय्याने ताय-ची शिकवणाऱ्या एका गुरूला काही सेकंदांत लोळवलं आणि चीनभर गदारोळ उठला. शैलीच्या अंगानेही आक्षेप आहेत. विंग चुनमध्ये लाथ कमरेच्या वर सहसा जात नाही. पण त्याच विद्येत वाढलेला ब्रूस ली पडद्यावर प्रतिस्पर्ध्याच्या कानशिलापर्यंत पाय नेतो, कारण गुडघ्यावर बसलेली लाथ प्रेक्षकाला दिसतच नाही.

यातलं पहिलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कोणती शैली कोणत्या शैलीला भारी पडेल, याची साक्ष सिनेमा देऊ शकत नाही. ‘इप मान’ (2008) मध्ये एक माणूस दहा कराटेपटूंना लोळवतो. त्यावरून विंग चुनची ताकद मोजणं म्हणजे ‘शोले’ पाहून पोलीस खात्याचा अहवाल लिहिणं. माझा वाद दुसऱ्या म्हणण्याशी आहे. कॅमेऱ्याआधी एक निर्भेळ विद्या होती आणि नाटक-सिनेमाने ती नासवली, हे इतिहासाच्या कागदांत कुठे सापडतं?

शाओलिनपासूनच पाहू. 621 साली मठातल्या भिक्षूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला लढाईत मदत केली, ही गोष्ट पक्की आहे. 728 च्या शिलालेखात ती नोंदलेली आहे, तेरा भिक्षूंची नावंही आहेत. मात्र ते कसे लढले, कोणत्या पवित्र्यात उभे राहिले, याबद्दल दगडावर अक्षर नाही. मठातल्या युद्धविद्येचा तपशीलवार ग्रंथ येतो तो जवळजवळ हजार वर्षांनी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. चेंग झोंगयू या गृहस्थाने तो लिहिला आणि तो आहे लाठीवर! मुठीची विद्या तेव्हा मठात अजून बाळसं धरत होती.

मग शाओलिनला ही विद्या शिकवली असं सांगतात तो भारतीय भिक्षू बोधिधर्म कुठून आला? 1624 च्या सुमारास ‘यिजिन जिंग’ नावाची एक पोथी आली. तिने स्वतःचं कर्तृत्व बोधिधर्माच्या नावावर टाकलं आणि वजन यावं म्हणून तांग काळातल्या एका सेनापतीच्या नावाची खोटी प्रस्तावनाही जोडली. पोथी आहे स्नायू आणि श्वासाच्या व्यायामाची, मारामारीची नव्हे. अठराव्या शतकातल्या लिंग टिंगकान या चिनी पंडितानेच तिची यथेच्छ टिंगल केली होती आणि 1930 साली तांग हाओ या संशोधकाने बोधिधर्माची आख्यायिका पार मोडीत काढली. तरी आपल्याकडे ‘कुंग-फू मूळचं भारतीय’ हे वाक्य दर दिवाळी अंकात कुठे ना कुठे असतंच. 2011 च्या ‘एळाम अरिवु’ या तमिळ सिनेमाने तर बोधिधर्माला पल्लव राजपुत्र करून लढायलाही लावलं. सिनेमाला खोटं म्हणणारेच सिनेमातला इतिहास खरा मानून बसतात, ही गंमत मला कधी पुरेशी उलगडलेली नाही.

दक्षिणेकडे, क्वांगतुंग प्रांतात, चित्र आणखी बोलकं आहे. तिथल्या बहुतेक घराण्यांच्या वंशावळीत शाओलिन जळालं तेव्हा निसटलेले ‘पाच वडीलधारे’ असतात. विंग चुनवाले सांगतात की त्यांची विद्या त्यातल्याच एन्ग मुई या भिक्षुणीची. ही मंडळी आपल्याला नीट भेटतात ती 1893 मध्ये छापल्या गेलेल्या, सम्राट छ्येनलोंगच्या भ्रमंतीवरच्या एका लोकप्रिय कादंबरीत. त्यात एन्ग मुई नायिका नाही, ती शाओलिनच्या विरुद्ध बाजूला आहे! पुढच्या लेखकांनी बाजू फिरवली आणि वाचक तिच्यावर भाळले. म्हणजे गुरुपरंपरेतली आद्यगुरू कादंबरीच्या पानातून उठून आली, तीही पात्राचा स्वभाव बदलून.

आता तमाशाचा हिशोब. विंग चुनची स्वतःची परंपरा सांगते की फोशानच्या ल्यूंग जान वैद्याला ही विद्या मिळाली ती ‘लाल होड्यां’वरच्या नटांकडून. या होड्या म्हणजे नद्यांवरून गावोगाव फिरणारे क्वांगतुंगी संगीत नाटकाचे फड. रंगवलेली होडी हेच त्यांचं घर आणि तीच तालीम. आपल्या तमाशाच्या फडाशी तुलना करायचा मोह आवरत नाही, आणि आवरायचं कारणही दिसत नाही. या नटांची मारामारी लुटुपुटूची होती म्हणावं, तर 1854 साली ली वेनमाओ नावाच्या नटानेच फोशानच्या बाजूला छिंग राजवटीविरुद्ध बंड उभारलं आणि फडांतले नट त्याच्यामागे खरोखर लढायला गेले. राजवटीने सूड म्हणून नटांच्या संघाची वास्तू जमीनदोस्त केली आणि क्वांगतुंगी नाटकावर बंदी घातली. रंगमंचावर भाला फिरवणारा हात रणातही तोच भाला फिरवत होता. त्या हाताकडे बोट दाखवून खरी विद्या कुठे संपली आणि नाटक कुठे सुरू झालं, हे मला कुणी सांगावं.

हाच धागा थेट सिनेमात येतो. वाँग फे-हुंग (1847–1925) हा फोशानचा हाडवैद्य, हुंग गार शैलीचा वस्ताद आणि सिंहनृत्याचा जाणकार. त्याचा शिष्य लाम साय-विंग. लामच्या नावावर शैलीची जी सचित्र पुस्तकं आली, त्यांच्यामागे हात होता त्याच्या जू यूझाय या शिष्याचा. याच जूने वाँगवर वर्तमानपत्री कादंबऱ्याही लिहिल्या. पाठ्यपुस्तक आणि रंजक कथा एकाच दौतीतून निघाल्या. त्या कथांवर 1949 साली हाँगकाँगमध्ये वू पांग या दिग्दर्शकाने पहिला वाँग फे-हुंग चित्रपट काढला. तेव्हाच्या पडद्यावर तळहातातून निघणाऱ्या, फिल्मवर चितारलेल्या विजा होत्या. वू पांगला त्याऐवजी ओळखू येईल अशी दक्षिणी शैली हवी होती. नायक झाला क्वान ताक-हिंग. तो आला नाटकातून, आणि पुढे सत्तराहून जास्त चित्रपटांत तोच वाँग होता. त्याच्याभोवती मात्र खरे वस्ताद उभे केले गेले. त्यांतला लाव चाम हा लाम साय-विंगचा प्रत्यक्ष शिष्य, आणि पडद्यावर त्याने भूमिका केली लाम साय-विंगची, म्हणजे स्वतःच्याच गुरूची. त्या काळच्या हुंग गारच्या किती हालचाली दुसऱ्या कुठल्या मार्गाने फिल्मवर उतरल्या असत्या?

लाव चामचा मुलगा लाव कार-ल्यूंग. त्याने 1978 मध्ये ‘36वं दालन’ काढलं. दोन तासांखालच्या त्या सिनेमात जवळजवळ अर्धा वेळ नुसता सराव आहे. पाण्याच्या बादल्या उचलणं, मनगटाला वजन बांधणं, पवित्रा न मोडता उभं राहणं. त्याच वर्षी त्याने ‘हिरोज ऑफ दि ईस्ट’ही केला, आणि शैलींची तुलना कशी करावी याचा नमुना हवा असेल तर मी तोच पुढे करीन. चिनी नवरा, जपानी बायको, आणि संसारातली भांडणं शस्त्रांवर आलेली. मग जपानहून एकामागून एक वस्ताद येतात. कराटेपुढे दारुड्याची मूठ, ननचाकूपुढे तीन तुकड्यांची साखळलाठी, साईपुढे फुलपाखरू-सुऱ्या. प्रत्येक जोडीत प्रश्न ‘कोण जिंकलं’ हा नसून ‘या हत्याराचा स्वभाव काय आणि त्याला उत्तर कुठून मिळेल’ हा आहे. साखळलाठी लांब पडते म्हणून ननचाकू जवळ घुसायला पाहतो, हे मला त्या लढतीने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं कुठल्या पुस्तकाने नाही. एकही माणूस मरत नाही, हे वेगळंच.

याउलट जिथे शुद्धतावादी बरोबर आहेत, तिथे ते खरोखर बरोबर आहेत. 1991 च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’त वाँग फे-हुंग झालेला जेट ली हा उत्तरेकडचा, राष्ट्रीय वूशू विजेता. हुंग गार म्हणजे जमिनीला खिळलेला घोडा-पवित्रा आणि ताकदीचे हात. जेट ली मात्र तारांवर झुलत शिडीवरून शिडीवर जातो. चित्रपट सुंदर आहे, पण त्यात हुंग गार शोधू नये. आणि वूशू तरी काय? 1950 च्या दशकात चिनी सरकारने जुन्या शैली एकत्र बांधून, गुण देता येतील अशा प्रमाणित आकृत्या केल्या, तो हा खेळ. त्यातूनच आलेल्या जेट लीने 1982 मध्ये ‘शाओलिन टेंपल’ केला, 621 च्या त्याच गोष्टीवर. 1928 मध्ये एका लष्करी सरदाराने जाळलेला आणि नंतर उतरती कळा लागलेला मठ त्या चित्रपटाने पुन्हा गजबजला. तंगफंग गावाभोवती कुंग-फूच्या शाळांचं जंगल उगवलं ते त्यानंतर. आज तिथे ‘खरं शाओलिन’ शिकायला गेलेल्या मुलाला सिनेमातून निघालेल्या फाटकातूनच आत शिरावं लागतं.

राहिला पिंजरा. तो सत्य आणि पडदा असत्य, असं समीकरण मांडलं जातं. पण पिंजऱ्यालाही नियम आहेत. सुरुवातीलाही डोळ्यांत बोटं घालायला आणि चावायला मनाई होती, पुढे वजनी गट आले, हातमोजे आले, फेऱ्या आल्या. खाली गादी असते, म्हणून लोळण परवडते. खडीच्या रस्त्यावर, समोरच्याचे दोन मित्र उभे असताना जमिनीवर जाऊन बघा म्हणावं. पिंजरा सांगतो ते पिंजऱ्यापुरतं खरं, आणि ते कमी नाही. पण शैलीची नजाकत तिथे उरत नाही. जिंकणाऱ्यांच्या हालचाली दिवसेंदिवस एकसारख्या होत जातात. आणि ती वाट दाखवली कुणी? ‘एंटर द ड्रॅगन’च्या (1973) सुरुवातीला ब्रूस ली आणि सामो हुंग बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घालून झुंजतात आणि शेवट होतो तो ठोशाने नव्हे, जमिनीवर हात पिरगळून, सामोने शरण येऊन. डेन्व्हरच्या वीस वर्षं आधी.

आपल्या मर्दानी खेळाकडे पाहिलं तर हा वाद किती उसना आहे ते कळतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरवणाऱ्या मुलीला कुणी ‘खरं रण दाखव’ म्हणत नाही. लिंबू कापलं की टाळ्या पडतात. रणातून मिरवणुकीत आलेली विद्या मिरवणुकीनेच जगवली, हे आपल्याला न सांगता कळतं. हाँगकाँगच्या पडद्याला मात्र ही सूट नाही.

वाद सिनेमाच्या आतही चालला होता, हेही विसरलं जातं. 1994 च्या ‘ड्रंकन मास्टर 2’चं दिग्दर्शन लाव कार-ल्यूंगकडे होतं आणि नायक होता नाटकशाळेत वाढलेला जॅकी चॅन. लढती कशा असाव्यात यावर दोघांचं बिनसलं, लाव निघून गेला आणि शेवट जॅकीने आपल्या माणसांसह पुरा केला. त्यामुळे एकाच चित्रपटात दोन पंथ सापडतात. आगगाडीखालच्या अरुंद जागेत लाव स्वतः जॅकीशी झुंजतो, भाला आणि तलवार, अंग वाकवायला जागा नाही, एकही हालचाल वाया नाही. शेवटी कारखान्यात जॅकीसमोर एका पायावर उभा राहून दुसऱ्याने लाथांचा पाऊस पाडणारा केन लो, आणि निखाऱ्यांवरून सरपटणारा जॅकी. पहिली लढत शैलीशी जास्त इमानी आहे, दुसरी मी जास्त वेळा पाहिली आहे.