हॉट योगा म्हणजे काय? ४५ अंशांच्या जळगाव-धुळ्यात तो करून पाहावा का?

दारं-खिडक्या बंद असलेली खोली, भिंतभर आरसे, हीटर सुरू आणि घामाने निथळणारी माणसं. 'हॉट योगा'चे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. 'पहिल्याच क्लासमध्ये दीड किलो वजन कमी' असा दावाही त्यासोबत असतो.

खान्देशातल्या माणसाला हे पाहून पहिला प्रश्न पडतो तो असा: यासाठी पैसे कशाला मोजायचे? मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी गच्चीवर चटई टाकली की झाला हॉट योगा!

तसं करू नये. का, ते समजून घेऊ.

हॉट योगा म्हणजे नेमकं काय?

मुद्दाम तापवलेल्या खोलीत केलेला योगा म्हणजे हॉट योगा. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे 'बिक्रम योगा'. यात २ श्वसनप्रकार धरून एकूण २६ आसनं ठरलेल्या क्रमाने केली जातात. वेळ ९० मिनिटं, खोलीचं तापमान सुमारे ४०-४१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० टक्के. इतर स्टुडिओ साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान तापमान ठेवतात आणि क्लासही तासाभराचा असतो.

ही पद्धत आली कुठून?

कोलकात्याचे बिक्रम चौधरी यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत ती लोकप्रिय केली. ते बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ.

चौधरींनी आपल्या आसनक्रमावर कॉपीराइटचा दावा केला होता. आसनांच्या क्रमाला कॉपीराइट मिळू शकत नाही, असा निकाल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. पुढे लैंगिक छळाच्या प्रकरणात २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्यांच्या माजी कायदेशीर सल्लागार महिलेच्या बाजूने कौल दिला आणि चौधरींना लाखो डॉलर्सची भरपाई द्यायला सांगितलं. त्यानंतर अनेक स्टुडिओंनी 'बिक्रम' हे नाव सोडून नुसतं 'हॉट योगा' म्हणायला सुरुवात केली.

खोलीतले ४० अंश आणि मे महिन्यातले ४५ अंश, फरक काय?

घरातला कूलर आठवा. मे महिन्यात तो खोली गारेगार करतो. तोच कूलर जुलैत लावला तर खोली नुसती चिकट होते. हवेत आधीच ओलावा असला की पाणी लवकर वाळत नाही आणि गारवा मिळत नाही.

आपलं शरीर याच तत्त्वावर थंड होतं. घाम येण्याने नाही, तर घाम वाळण्याने गारवा मिळतो.

घाम किती गारवा देऊ शकेल, याचा अंदाज 'वेट बल्ब' तापमानावरून येतो. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळल्यावर जे तापमान दिसेल, ते वेट बल्ब. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ते सुमारे २४ अंश येतं. हॉट योगाच्या खोलीत (४१ अंश, ४० टक्के आर्द्रता) ते २९ अंशांच्या आसपास जातं. म्हणजे तापमान कमी असूनही बंद खोलीत घाम वाळणं जास्त कठीण असतं. तो अंगावरून ओघळतो आणि वाया जातो.

मग गच्ची सुरक्षित का नाही? कारण तिथे डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला स्लॅब असतो. शिवाय कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं हे कळतच नाही. पत्र्याच्या बंद खोलीत तर दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात.

उष्णतेमुळे फायदा वाढतो का?

अमेरिकेतल्या टेक्सास स्टेट विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० ते ६० वयाच्या, फारसा व्यायाम न करणाऱ्या लोकांचे गट पाडले. एका गटाने ४०.५ अंशांच्या खोलीत, दुसऱ्याने २३ अंशांच्या खोलीत तीच आसनं १२ आठवडे केली. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यात दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. गरम खोलीतल्या गटात चरबीचं प्रमाण थोडं घटलं, पण रक्तवाहिन्यांसाठी उष्णतेची गरज नव्हती.

आणि ते 'दीड किलो'? एक लिटर घाम म्हणजे साधारण एक किलो वजन. पाणी प्यायलं की ते परत येतं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या मोजणीत ९० मिनिटांच्या क्लासमध्ये पुरुषांच्या सुमारे ४६०, तर महिलांच्या ३३० कॅलरीज खर्च झाल्या. म्हणजे तेवढा वेळ झपाझप चालण्याइतक्याच. घामावाटे 'डिटॉक्स' होतो हाही गैरसमज आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

धोक्याची बाजूही मोजली गेली आहे. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या २०१५ च्या अभ्यासात २० जणांनी बिक्रम योगाचा क्लास केला. त्यातल्या एकाच्या शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं. उष्माघाताची पातळी इथूनच सुरू होते.

याचं अमळनेरशी काय नातं?

योगाचे दावे प्रयोगशाळेत तपासण्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात 'कैवल्यधाम' स्थापन केलं. आसन करताना शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांनी एक्स-रेसारख्या साधनांनी पाहिलं.

जुन्या ग्रंथांतही उष्णतेचा आग्रह दिसत नाही. उलट 'हठयोगप्रदीपिका' नव्या साधकाला अग्नीपासून दूर राहायला सांगते.

तरीही क्लास करून पाहायचा असेल तर?

- गरोदर महिला, हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेले आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.
- आधी खोलीचं तापमान आणि आर्द्रता विचारा. हवा खेळती आहे का, मध्येच बाहेर जाऊ देतात का, हेही विचारा. 'कुणीही बाहेर जायचं नाही' असा नियम असेल, तर तो क्लास सोडा.
- क्लासच्या दोन-तीन तास आधी जड जेवण नको. आधी, मध्ये आणि नंतर पाणी प्या. खूप घाम गेला तर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घ्या.
- उष्णतेत स्नायू सैल वाटतात आणि माणूस गरजेपेक्षा जास्त ताणतो. आसनाची मर्यादा नेहमीचीच ठेवा.
- शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पूर्ण क्लास करायचा हट्ट नको.

त्रास कसा ओळखायचा?

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे ही पहिली लक्षणं. लगेच थांबा, थंड जागी जा, पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

मग खान्देशात योगा करायचा कधी?

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत, सावलीत किंवा पंख्याखाली. आसनं तीच आणि रक्तवाहिन्यांना होणारा फायदाही तोच. शेतात, बांधकामावर किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांच्या शरीराने उष्णतेचा ताण आधीच सोसलेला असतो. त्यांना व्यायामासाठी आणखी उष्णता नको, सावली हवी.