साम्यवादोत्तर आर्थिक संक्रमण आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था : पोलंड व रशिया

प्रस्तावना :
१९८९ मध्ये पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी कोसळल्या आणि १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघाचे विघटन झाले. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेकडून बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्थेकडे जाण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी या देशांना कर्जे दिली. सोबत किंमतमुक्ती, तुटीवर नियंत्रण व खाजगीकरण यांचा आग्रह धरला. उपाय बहुतांशी सारखेच असताना परिणाम भिन्न का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पोलंड :
अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांची योजना नाणेनिधीच्या पाठबळाने १ जानेवारी १९९० पासून अमलात आली. प्रारंभी उत्पादन घटले व बेकारी वाढली. तथापि १९९१ मध्ये पॅरिस क्लबच्या धनको राष्ट्रांनी पोलंडचे कर्ज टप्प्याटप्प्याने निम्म्याने कमी करण्याचे मान्य केले. मोठ्या सरकारी उद्योगांचे खाजगीकरण मात्र पोलंडने सावकाशीने केले.

रशिया :
रशियात २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक किमती मुक्त झाल्या. हा निर्णय रशिया नाणेनिधीचा सभासद होण्यापूर्वीचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या वर्षी महागाई सुमारे २५०० टक्क्यांवर गेली व सामान्यांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. १९९४ मध्ये पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आले. सोव्हिएत काळातील बाह्य कर्जाचा भार रशियाने स्वीकारला. परंतु १९९० च्या दशकात पॅरिस क्लबने त्याला केवळ मुदतवाढ दिली. १९९५ मध्ये तेल व धातू उद्योगांतील सरकारी भाग कर्जाच्या मोबदल्यात मोजक्या बँकमालकांच्या हाती गेले. तरीही मार्च १९९६ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, नाणेनिधीने सुमारे १० अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. जुलै १९९८ मध्ये आणखी मोठे साहाय्य जाहीर झाले. पण १७ ऑगस्ट रोजी रशियाने रुबलचे अवमूल्यन केले व देशांतर्गत कर्जफेड थांबवली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, नाणेनिधीच्या अटी तूट व चलनपुरवठा मोजत होत्या. करवसुली व न्यायव्यवस्था यांची क्षमता त्यांच्या मापात नीट बसत नव्हती. शिवाय राजकीय निकड निर्माण होताच अटी सैल झाल्या. पोलंडला कर्जमाफीने उसंत दिली, तर रशियाला नव्या कर्जाने केवळ मुदत मिळाली. रशियाने नाणेनिधीचे कर्ज २००५ मध्ये पूर्णपणे फेडले. परंतु त्या दशकात सामान्य नागरिकाचा सुधारणांवरील उडालेला विश्वास मात्र कोणत्याही हप्त्याने परत आला नाही.