आम्लात पाणी की पाण्यात आम्ल?

‘संहत सल्फ्युरिक आम्लात सावकाश पाणी मिसळावे.’ या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही, शुद्धलेखनाचाही नाही. तरी ते असेच छापले गेले तर एखाद्या विद्यार्थ्याचा चेहरा भाजेल. दोन्ही मिसळताना एवढी उष्णता निघते की वरून पडलेले पाणी क्षणात उकळून आम्लासकट उडते. आम्लच पाण्यात थोडे थोडे, ढवळत घालायचे असते. मग ज्याने कधी चंचुपात्र हाती धरले नाही, त्याने रसायनशास्त्राचे पुस्तक संपादित करावे का? तांत्रिक संपादनाकडे वळणारा प्रत्येक जण हा प्रश्न सोबत घेऊन येतो.

प्रश्न जुना आहे. लंडनमध्ये 1665 साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू करणारे हेन्री ओल्डेनबर्ग प्रयोग करणाऱ्यांपैकी नव्हते. ते ब्रेमेनचे, धर्मशास्त्र शिकलेले, अनेक भाषा जाणणारे आणि युरोपभरचा पत्रव्यवहार सांभाळणारे. डेल्फ्टचे कापडव्यापारी लेवेनहूक यांनी 1676 मध्ये त्यांना कळवले, की पावसाच्या आणि मिरी भिजवलेल्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव हलताना दिसतात. पत्र डच भाषेत होते. ओल्डेनबर्ग यांनी त्यातला महत्त्वाचा भाग इंग्रजीत आणून 1677 साली छापला. हे खरे की खोटे, हे स्वतः पाहून ठरवण्याइतका त्यांचा हात सूक्ष्मदर्शकावर बसलेला नव्हता. त्यांनी मजकुरातच टीप घातली: या गोष्टी विलक्षण वाटतात, म्हणून इतरांना पडताळा घेता यावा यासाठी लेखकाकडे निरीक्षणाची रीत मागितली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हूक यांनी रॉयल सोसायटीपुढे ते जीव दाखवले. ओल्डेनबर्ग सप्टेंबरमध्येच वारले होते.

ती टीप मला तांत्रिक संपादनाचा उत्तम नमुना वाटते. आपल्याला काय तपासता येत नाही हे ओळखून नेमके तेच मागणे, हेही कौशल्यच आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी संस्कृत शास्त्रांचे पंडित होते. विज्ञानाच्या नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांच्या हातून येत.

उलट, मुरलेल्या तज्ज्ञाला गाळलेली पायरी दिसतच नाही, कारण त्याचे मन ती आपसूक भरून घेते. नवख्या वाचकाच्या वतीने अडणारा संपादक तिथेच थांबतो. मात्र असे अडायला कुठले तरी काम स्वतःच्या हातांनी केलेले असावे लागते, हे माझे ठाम मत आहे. मग ते मातीचा नमुना घेण्याचे असो, पंप खोलून जोडण्याचे असो किंवा द्रावण तयार करण्याचे. लिखित सूचना नेमकी कुठे अपुरी पडते, हे त्याशिवाय कळत नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने एखादे माहितीपत्रक घ्यावे, त्यात लिहिले आहे तेवढेच करावे आणि जिथे हात थबकेल तिथे समासात खूण करावी.