समभागांचे एकत्रीकरण : छोट्या कंपनीने बाजार बदलण्यासाठी ते करावे का?

एखाद्या कंपनीचे अनेक समभाग एकत्र करून त्यांचा एकच समभाग करण्याच्या प्रक्रियेला समभागांचे एकत्रीकरण किंवा रिव्हर्स स्प्लिट असे म्हणतात. अमेरिकेतील अनेक छोट्या कंपन्यांच्या समभागांचे व्यवहार मुख्य शेअर बाजाराबाहेर, दलालांच्या जाळ्यामार्फत म्हणजे ओव्हर द काउंटर पद्धतीने होतात. नॅसडॅकसारख्या बाजारात प्रवेश मिळविण्यासाठी यांपैकी काही कंपन्या एकत्रीकरणाचा मार्ग स्वीकारतात.

बाजार बदलण्यामागील कारणे

अमेरिकेत मुख्य बाजारांबाहेरील, पाच डॉलरपेक्षा कमी भावाचे समभाग सर्वसाधारणपणे पेनी स्टॉक मानले जातात. ते विकताना दलालांना ग्राहकास जोखमीची विशेष माहिती द्यावी लागते आणि अनेक गुंतवणूक संस्था अशा समभागांपासून दूर राहतात. नॅसडॅकवर नोंदणी झाल्यास खरेदीदार वाढतात व भांडवल उभारणे सुलभ होते. मात्र तेथील कॅपिटल मार्केट विभागात प्रवेशासाठी समभागाचा भाव सामान्यतः किमान ४ डॉलर असावा लागतो.

गणित काय सांगते?

समजा, एका कंपनीचे ८ कोटी समभाग असून भाव ३० सेंट आहे. वीस समभागांचा एक केल्यास ४० लाख समभाग उरतील आणि भाव ६ डॉलर होईल. कंपनीचे एकूण बाजारमूल्य मात्र पूर्वीइतकेच, २ कोटी ४० लाख डॉलर राहील. दीड हजार समभाग असलेल्या भागधारकाकडे ७५ समभाग येतील. त्यांची किंमत आधीप्रमाणेच ४५० डॉलर असेल.

येथेच एक अडचण उद्भवते. नॅसडॅकला प्रत्येकी किमान १०० समभाग धारण करणारे ३०० भागधारक लागतात आणि त्यांपैकी निम्म्यांकडे किमान २,५०० डॉलर मूल्याचे समभाग असावे लागतात. वरील भागधारक एकत्रीकरणानंतर या गणनेतून बाद होतो. शिवाय प्रवेशाच्या एका निकषानुसार भागधारकांचे निव्वळ भांडवल ५० लाख डॉलर असावे लागते. ते एकत्रीकरणाने वाढत नाही.

धोके

भाव पुन्हा घसरण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. नॅसडॅकवर सलग ३० कामकाजी दिवस भाव १ डॉलरखाली राहिल्यास कंपनीला नोटीस मिळते व सुधारणेसाठी सामान्यतः १८० दिवसांची मुदत दिली जाते. परंतु २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, मागील वर्षभरात एकत्रीकरण केलेल्या कंपनीचा भाव पुन्हा घसरल्यास ही मुदत मिळत नाही.

दुसरा धोका अधिकृत भांडवलाचा. समभागांची संख्या घटली, तरी अधिकृत समभागांची मर्यादा त्याच प्रमाणात कमी न केल्यास संचालक मंडळाला मोठ्या संख्येने नवे समभाग काढता येतात. त्यामुळे जुन्या भागधारकांचा हिस्सा आक्रसतो. मतदानापूर्वी प्रस्तावातील हा तपशील पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एकत्रीकरण म्हणजे दुर्बलतेचेच लक्षण, असेही नाही. सिटीग्रुपने मे २०११ मध्ये दहा समभागांचा एक केला होता. तिच्यामागे मोठा व्यवसाय होता. छोट्या कंपनीला तसा आधार क्वचितच असतो.

भारतातील स्थिती

भारतात कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६१ नुसार समभागांचे एकत्रीकरण करता येते. मतदानाच्या हक्काचे प्रमाण बदलत असल्यास राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. येथे लघु व मध्यम उद्योगांच्या मंचावरून मुख्य बाजारात जाताना भरणा झालेल्या भांडवलाचा निकष महत्त्वाचा असतो. एक रुपया दर्शनी मूल्याच्या दहा समभागांचा दहा रुपयांचा एक समभाग केल्याने हे भांडवल बदलत नाही. त्यामुळे अमेरिकेतील हा उपाय भारतात त्याच हेतूने उपयोगी पडत नाही.

निर्णयाची कसोटी

भाव वगळता प्रवेशाच्या अन्य सर्व अटी कंपनी स्वबळावर पूर्ण करत असेल, व्यवसायातून उत्पन्न येत असेल आणि नोंदणीचा व लेखापरीक्षणाचा वाढीव खर्च तिला पेलणार असेल, तर एकत्रीकरण समर्थनीय ठरते. केवळ भाव मोठा दिसावा म्हणून केलेले एकत्रीकरण मात्र भागधारकांना फारसे काही देत नाही. अशा कंपनीने आधी व्यवसाय सावरणे आणि बाजार नंतर बदलणे अधिक हिताचे.