दगडातला वायू आणि विहिरीतले पाणी

यंदा नरकचतुर्दशीला मी कामठीच्या पलीकडे मामांकडे होतो. अभ्यंगाचे पाणी टँकरचे! जवळच्या खाणीने पाणी उपसायला सुरुवात केली आणि घरची विहीर तळाला गेली, असे मामी म्हणतात. पणत्या लावताना मामेभावाचा मुलगा विचारता झाला, “काका, आता म्हणे दगडातूनही गॅस काढतात. मग विहिरीचे काय व्हायचे?”

मी पडलो शाळामास्तर. उत्तराआधी गोष्ट सांगितली.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री १८४५ साली नागपुरास आला. शाळा चालवता चालवता तो भोवतालचे खडक न्याहाळी. सिलेवाड्याच्या दगडात त्याला पुरातन पानांचे ठसे मिळाले. पुढे त्याच सिलेवाड्यास कोळशाची खाण झाली. या खडकांच्या गोताला १८७२ च्या सुमारास मेडलिकॉटने ‘गोंडवन’ नाव दिले. आपल्या गोंडांच्या मुलखाचे नाव जगभर गेले! बंगालमधले दामोदर खोरे याच गोतातले. तेथे दुर्गापूरजवळ २०११ च्या जानेवारीत ओएनजीसीच्या विहिरीतून शेल खडकातला वायू वर आला.

शेल म्हणजे थरावर थर साचलेल्या चिखलाचा पापुद्री दगड. अमेरिकेत फ्रेडोनिया गावी १८२१ साली विल्यम हार्टने अवघी २७ फूट विहीर खणली आणि त्या वायूवर गावात दिवे लागले. आज मात्र हजारो फूट खाली जावे लागते. लाखो लिटर पाणी, वाळू आणि रसायने दाबाने सोडून दगडाला भेगा पाडाव्या लागतात. वर परतणारे पाणी खारट, दूषित असते. ते ओढ्यात सोडले की घात झालाच. वाटेत वायू निसटला तर हवाही तापते.

म्हणून पोलादी नळीभोवती सिमेंट पक्के हवे, परतलेले पाणी शुद्ध करायला हवे आणि पहिला घाव घालण्यापूर्वी गावातल्या प्रत्येक विहिरीचे पाणी मोजून, तपासून लिहून ठेवायला हवे. नोंदच नसेल, तर गावकऱ्याने कोणत्या तोंडाने दाद मागावी? मामींच्या विहिरीची नोंद कोणीच ठेवली नव्हती.

हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाला. पण दगड फोडण्याआधी तो वाचावा, ही शिस्त तो मागे ठेवून गेला.

पाडव्याला पोराने दोराला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजले आणि कोळशाने काठावर तारखेसह आकडा लिहिला. मामी रागावल्या नाहीत.