‘मृताहारी’ हा शब्द आणि येवल्याचे उत्तर

‘महार’ शब्दाची एक व्युत्पत्ती पुस्तकांतून वारंवार भेटते : ‘मृताहारी’, म्हणजे मेलेले खाणारा. काही जण त्याचा अर्थ मेलेले वाहून नेणारा असा लावतात. महात्मा फुल्यांनी मात्र ‘गुलामगिरी’त (१८७३) ‘महा-अरी’, म्हणजे मोठा शत्रू, अशी फोड केली. एका अर्थात मढे आहे, दुसऱ्यात लढणारा माणूस. व्युत्पत्ती सांगणारा कुठे उभा आहे, हे यातून कळते.

क्षणभर ‘मृताहारी’ खरे धरू. मग प्रश्न असा की मेलेले जनावर कोणाचे होते? गोठा गावाचा, दूध गावाचे, शेत गावाचे. जनावर मेले की ते ओढण्याची सक्ती तेवढी महारवाड्यावर. दूध पिणाऱ्याला कोणी ‘दुग्धाहारी’ जात चिकटवली नाही. मढे ओढणाऱ्याला मात्र मरणाचे आणि सडण्याचे नाव जन्मभर. हा शब्द त्या माणसाचे मूळ सांगत नाही, गावाने केलेली सक्ती सांगतो.

‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशात किंवा धंद्यात शोधणारे सिद्धांत खोडून काढले. पण त्यांनी केवळ पुस्तकी उत्तर दिले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृतमांस सोडायला सांगितले. १९२८ मध्ये महार वतनाच्या गुलामीविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. शब्द ज्या सक्तीवर उभा होता, तिच्यावरच हा घाव होता.

तरीही धर्म तोच राहिला. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार १९३० पासून सत्याग्रह करूनही उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. ज्या समाजाच्या नावातच इतरांनी मरण कोंबले होते, त्याच्या नेत्याने स्वतःचे मरण कसे असेल हे स्वतः ठरवले. येवल्याच्या मुक्तिभूमीचा हा अर्थ आपण विसरतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्या दिवसाला आपण ‘मृत्युदिन’ म्हणत नाही, ‘महापरिनिर्वाण दिन’ म्हणतो. मरणाचा शब्दही आता आपण निवडलेला आहे.

म्हणून मित्रहो, पुन्हा कोणी ‘मृताहारी’ची व्युत्पत्ती ऐकवली, तर त्याला एवढेच विचारा : जनावर कोणाचे होते?

जय भीम!